आडनावावरून भाषा, भाषेवरून माणूस

काबूलमध्ये सत्तापालट झाला, सरहद्दीवर स्फोट झाला किंवा पडद्यावर सुरमा घातलेला एखादा उंचापुरा खान अवतरला, की मराठी बोलण्यात एक जुनी साखळी आपोआप जुळते. आडनाव पठाण, म्हणजे माणूस मूळचा अफगाण. अफगाण, म्हणजे भाषा पश्तो. आणि पश्तो, म्हणजे स्वभाव राकट, व्यवहार निर्दय, निष्ठेचा भरवसा नाही. हे कोणी लेख लिहून मांडत नाही, म्हणून ते कोणी खोडूनही काढत नाही. अंबडसारख्या वस्तीत मात्र त्याची किंमत रोख मोजावी लागते. नाशिक महापालिकेने पोटात घेतलेले हे गाव, त्याला लागून औद्योगिक वसाहत, पलीकडे सिडको, आणि खानदेश, मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश असे चहूकडून आलेले कामगार. अशा ठिकाणी शेजाऱ्याच्या तीन पिढ्या कोणाला ठाऊक नसतात. ठेकेदाराच्या हजेरीपटावर आणि खोलीच्या भाडेकरारावर आधी आडनाव वाचले जाते. त्या आडनावावरून भाषा ठरवायची आणि भाषेवरून माणूस ठरवायचा, ही रीत पुराव्यापुढे टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. साखळीतली एकही कडी शाबूत नाही.

पहिली कडी आडनावापासून भाषेपर्यंतची. पठाण हिंदुस्थानात एका लाटेत आले नाहीत. लोदी आणि सूर घराण्यांच्या काळात आले, मुघलांच्या चाकरीत आले, अठराव्या शतकात रोहिलखंडात वसले, निजामाच्या मुलखात रोहिले म्हणून शिपाईगिरी आणि सावकारी करत राहिले. जिथे वसले तिथली भाषा त्यांनी उचलली. रामपूरच्या रझा ग्रंथालयात आज पश्तो हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत, पण शहर बोलते उर्दू. महाराष्ट्रातल्या पठाण घरांतही हेच झाले. घरात दखनी किंवा उर्दू, बाजारात आणि शेतावर मराठी. पश्तोचे एक वाक्यही ज्यांच्या आजोबांनी ऐकले नसेल अशा माणसांच्या माथी ती भाषा मारणे म्हणजे वंशावळीचा अंदाज घेऊन जबानी लिहिणे झाले. नाशिककरांना तर याचे सर्वांत ठळक उदाहरण परगावी शोधावे लागू नये. अंबडहून देवळाली फार लांब नाही. पेशावरच्या किस्साख्वानी भागात १९२२ साली जन्मलेला युसूफ खान देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकला. त्याचे वडील फळांचे व्यापारी होते. पुढे तो दिलीपकुमार झाला. सगळा देश त्यांना पठाण म्हणत आला, पण त्यांच्या घरची बोली हिंदको होती. हिंदको ही पेशावर शहराची जुनी भाषा, पंजाबीच्या जवळची, पश्तोहून वेगळ्या शाखेतली. म्हणजे थेट पेशावरहून आलेल्या, नावात खान असलेल्या माणसाबाबतही हा अंदाज चुकतो. मग दहा पिढ्यांपूर्वी आलेल्यांबाबत तो बरोबर ठरेल तो कसा?

आकड्यांकडे वळले तर गोंधळ आणखी उघडा पडतो. २०११च्या जनगणनेत ज्या मथळ्याखाली पश्तो येते, तो मथळाच ‘अफगाणी/काबुली/पश्तो’ असा आहे, आणि त्याखाली सबंध भारतात २१,६७७ माणसे आहेत. काबूल शहरात प्रामुख्याने दरी, म्हणजे फारसी, बोलली जाते. ‘अफगाणी’ नावाची तर भाषाच नाही. लोकांनी जे सांगितले ते एका खणात टाकून सरकारने बेरीज मांडली. दुसऱ्या टोकाला, २०१८ साली कोलकात्यातून ऑल इंडिया पख्तून जिर्गा-ए-हिंद या संघटनेने भारतातील पख्तुनांची संख्या बत्तीस लाख असल्याचे सांगितले. हा आकडा मोजणीतून आलेला नाही, तो मी पुरावा मानत नाही. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले की एवढे कळते की पख्तून म्हणवून घेणे आणि पश्तो बोलणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये लाखोंची दरी असू शकते. अंबड-सिडकोत राहणाऱ्याला हे नवे वाटायला नको. खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे घरात अहिराणी बोलतात आणि कागदावर मराठी लिहितात. तरीही २०११च्या जनगणनेत खानदेशी भाषिकांची संख्या साडेअठरा लाखांच्या वर गेली. कागद, घर आणि आडनाव या तिघांचा मेळ कोणाच्याच बाबतीत सरळ बसत नाही.

उलट दिशेनेही ही कडी तुटते. पश्तो बोलणारा प्रत्येक जण मुसलमान असतो, हाही समजच. फाळणीच्या वेळी बलुचिस्तानातून आलेल्या आणि राजस्थानात उनियाऱ्याकडे वसलेल्या हिंदू कुटुंबांत पश्तो बोलली जात होती. या बायका ‘शीन खलई’ म्हणून ओळखल्या जातात, कारण त्यांच्या अंगावर निळसर गोंदण असे. भारतात आल्यावर तेच गोंदण आणि तीच भाषा परकी दिसू लागली, म्हणून कित्येकींनी दोन्ही झाकून ठेवले. सीमेपलीकडच्या तिराह भागातल्या शिखांची बोलीही पश्तोच. आणि काश्मीरच्या गांदरबल जिल्ह्यातल्या गुटलीबागसारख्या गावात मुसलमान पठाण आजही पश्तो बोलतात, ते भारताचे नागरिक आहेत आणि अफगाणिस्तानशी त्यांचा संबंध पूर्वजांपुरता आहे. इकडे नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला, जुलै २०२२मध्ये एका अफगाण निर्वासित सूफी धर्मोपदेशकाचा गोळ्या घालून खून झाला, तेव्हा सुरुवातीला तर्कांचे पेव फुटले. पोलिसांच्या तपासात पुढे आले ते पैसा आणि मालमत्तेचे कारण, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही गावात घडते तसेच. ‘अफगाण’ हा शब्द ऐकताच डोक्यात जे जे जमा होते, त्यातले काहीही तिथे उपयोगाला आले नाही.

आता यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की भाषा गेली तरी रक्त राहते, वंशाची ओढ राहते. हे खरे मानायचे असेल तर मराठी माणसाने आधी स्वतःचा ताळेबंद मांडावा. बलुचिस्तानातल्या डेरा बुगटीत एक समूह स्वतःला मराठा म्हणवतो. पानिपतानंतर अब्दालीने कैद केलेल्या मराठ्यांना बलुच सरदारांच्या हवाली केले आणि आपण त्यांचे वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. ते बलुची बोलतात, धर्माने मुसलमान आहेत, नागरिक पाकिस्तानचे आहेत. हरियाणातले रोड लोकही स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानू लागले आहेत. तेही मराठी बोलत नाहीत. या दोन्ही दाव्यांबद्दल इतिहासकारांत वाद आहेत, तरी मराठी वर्तमानपत्रे, पुस्तके आणि सभा-समारंभ यांनी त्यांचे स्वागत उचंबळून केले. त्यांची निष्ठा कोणाशी, असा प्रश्न आपण विचारत नाही. विचारू तर ते आपल्याला हास्यास्पद वाटेल. डेरा बुगटीच्या मराठ्याने बलुचिस्तानचेच भले पाहावे, हे आपल्याला आपसूक पटते. मग ज्याच्या पूर्वजांनी अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी नाशकाकडे घर केले, ज्याची मुले मराठी शाळेत ‘अ आ इ ई’ गिरवतात, जो अंबडच्या कारखान्यात मराठीतून भांडतो आणि मराठीतून रजेचा अर्ज लिहितो, त्याने मात्र काबूलच्या घटनांचा जाब द्यायचा? अडीचशे वर्षांत मराठ्याचा बलुच होऊ शकतो आणि पठाणाचा महाराष्ट्रीय होऊ शकत नाही, असा नियम जगात कुठेही नाही. आपण तो केवळ सोयीसाठी केला आहे.

इतिहासाचा आधार घेणाऱ्यांनी सबंध इतिहास घ्यावा, एवढीच अपेक्षा. पुरंदराला वेढा घालणारा दिलेरखान अफगाण होता, नेसरीला प्रतापराव गुजरांची गाठ ज्याच्याशी पडली तो बहलोलखान अफगाण होता, पानिपतावर समोर अब्दाली आणि नजीबखान होते. हे खरेच, आणि मराठीने त्यांना ‘गिलचे’ म्हणून लक्षात ठेवले. पण विजापूरने काढून टाकलेले सातशे पठाण शिवाजीराजांकडे चाकरीला आले आणि राजांनी सल्लामसलत करून त्यांना ठेवून घेतले, हेही ग्रँट डफने आपल्या १८२६च्या इतिहासात नोंदवले आहे. त्याहून मोठी गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांतून निसटते. १६७२पासून खैबरकडच्या पठाण जमाती औरंगजेबाविरुद्ध उठल्या. त्यांत आफ्रिदींबरोबर खुशालखान खटक हा पश्तो कवी-सरदारही होता, ज्याला औरंगजेबाने आधी रणथंबोरच्या किल्ल्यात कैदेत टाकले होते. १६७४ साली बादशहा स्वतः हसन अब्दालला जाऊन दीड वर्ष तळ ठोकून बसला. त्याच साली रायगडावर राज्याभिषेक झाला. या युद्धासाठी दख्खनेतून चांगली फौज उपसली गेली आणि त्याचा लाभ शिवाजीराजांना झाला, हे जदुनाथ सरकारांचे मत आहे, आणि सरकार काही मराठ्यांचे भाट नव्हते. पठाण बादशहाकडेही होते, राजांकडेही होते आणि बादशहाच्या विरोधातही होते. जातीवरून बाजू ठरत नसे, हे सतराव्या शतकातल्या मुत्सद्द्यांना कळत होते.

‘हे सारे ठीक, पण पठाणी व्याजाने मुंबईचा गिरणी कामगार पिळून निघाला, हे तर खोटे नाही?’ हा आक्षेप मी झटकणार नाही. ते खोटे नाही. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार हा कामगारांच्या आयुष्यातला खरा माणूस होता. १९३१च्या रॉयल कमिशनने कामगारांच्या कर्जबाजारीपणाचा विचार करताना महिना रुपयाला एक आणा, म्हणजे साल दरशेकडा ७५ टक्के, असा व्याजाचा दर सर्रास असल्याचे नोंदवले आणि कर्जवसुलीसाठी कारखान्याला असा गराडा घालणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस केली. पण त्याच कामगाराला जॉबर कर्ज देत होता, वाणी उधारी देत होता, चाळीतला मारवाडी दागिना गहाण घेत होता. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी जे कर्जरोखे जाळले, त्या प्रकरणात पठाण नव्हताच. पठाणाकडे लक्ष गेले, कारण तो रस्त्यावर उभा राहून, देहाच्या धाकाने वसुली करी. ज्यांना कोर्टाचा हुकूमनामा मिळत होता त्यांना काठीची गरज नव्हती. आणि धाक एकतर्फीही नव्हता. फेब्रुवारी १९२९मध्ये तेल कंपन्यांच्या संपात पठाण मजूर संपफोडे म्हणून वापरले गेले, पाठोपाठ पठाण मुले पळवतात अशी अफवा मुंबईभर पसरली आणि त्या अफवेवर निरपराध पठाण ठेचून मारले गेले. त्यातून दंगल पेटली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मुलांना पळवणारी टोळी हे कुभांड होते. संपफोडे आणणारे मालक कोण होते, हे मात्र लोकस्मृतीत राहिले नाही.

आजही फायनान्स कंपन्यांचे वसुलीवाले कामगारांच्या दारात बसले की मराठी बातमीचा मथळा तयारच असतो : ‘पठाणी वसुली’. या कंपन्यांच्या भांडवलात, नियमावलीत किंवा एजंटांत पश्तोचा वाराही नसतो. गुन्हा करणारी कंपनी सन्मानाने बातमीच्या मजकुरात बसते आणि मथळ्यात बदनामी होते ती त्याच गल्लीत राहणाऱ्या, बहुधा त्याच कंपनीचा हप्ता थकलेल्या पठाणाची. उपसंपादकाला ‘दांडगाईची वसुली’ असे लिहिता येते. दोन अक्षरे जास्त लागतात एवढेच.

शेवटची कडी भाषेच्या स्वभावाची. पश्तो कानाला कठोर, म्हणून बोलणारे कठोर, हे मत जुने आहे. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९२१मधील दहाव्या खंडात त्या अर्थाची एक प्रचलित म्हण दिली आहे. तीत फारसीला साखर, हिंदुस्तानीला मीठ आणि पश्तोला गाढवाचे ओरडणे म्हटले आहे. पण ग्रिअर्सन तिथेच थांबला नाही. कठोर वाटली तरी ही सामर्थ्यवान भाषा आहे आणि कुठलाही विचार नेमकेपणाने मांडू शकते, असा निर्वाळा त्याने दिला. म्हण सर्वांना माहीत, निर्वाळा कोणाला नाही. आणि कठोरपणाचा हा शेरा मारताना मराठी माणसाने जरा आवरते घ्यावे. पश्तोत ‘ट’, ‘ड’, ‘ण’ ही मूर्धन्य अक्षरे आहेत, जी तिच्या इराणी भावंडांत सहसा नसतात आणि आपल्यात पावलोपावली असतात. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘जावई’तला ‘ज’ आपण ज्या दंततालव्य ढंगाने उच्चारतो, तसेच दोन वर्ण पश्तोत आहेत आणि त्यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. हिंदी भाषकाला हे उच्चार शिकवावे लागतात, मराठी माणसाला नाही. आपली मराठी इतरांना राकट वाटते, हे ऐकून आपण दुखावतो; ते दुःख अनुभवलेल्याने दुसऱ्याला तेच विशेषण लावू नये.

साहित्याचे काय? पश्तो गद्याचा आरंभ ज्या ‘खैर-उल-बयान’पासून मानतात, ते लिहिणारा बायझीद अन्सारी सोळाव्या शतकात पंजाबातल्या जालंधरला जन्मला होता. खुशालखान खटकाने तलवारीइतकीच लेखणी चालवली. त्याच्या नंतरचा रहमान बाबा हा तर सरहद्दीवरच्या सामान्य माणसाचा संतकवी, ज्याची वचने निरक्षरांच्या तोंडी असतात. पण मला सर्वांत जवळचे वाटते ते लंडई किंवा टप्पा. दोन ओळी, पहिलीत नऊ अक्षरे, दुसरीत तेरा. कर्ता अनाम, बहुतेक वेळा बाई. विषय नवऱ्याचा परदेश, सासरचा जाच, लपवलेले प्रेम, रणातून पळून आलेल्याचा धिक्कार. जात्यावरच्या ओवीवर वाढलेल्या समाजाला या रचनेची वेगळी ओळख करून द्यायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी आपल्याकडे लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तिकडे सय्यद बहाउद्दीन मजरूह यांनी लंडया जमवल्या आणि १९८८ साली पेशावरमध्ये त्यांचा खून झाला. पश्तोचे पहिले मोठे इंग्रजी व्याकरण, कोश आणि काव्यसंग्रह १८५५ ते १८६२च्या दरम्यान प्रसिद्ध करणारा रॅव्हर्टी हा मुंबईच्या नेटिव्ह इन्फंट्रीचा अधिकारी होता. मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या गोऱ्याला जी भाषा अभ्यासावीशी वाटली, तिच्याबद्दल मराठी वाचकाला जे मिळते ते मुख्यतः दुसऱ्या भाषांतून गाळून. खालिद हुसैनी मूळ इंग्रजीत लिहितो, ‘काबूलीवाल्याची बंगाली बायको’ बंगालीतून येते. प्रतिभा रानडे यांच्या ‘अफगाण डायरी’सारखे थेट मराठीतून पाहणारे पुस्तक हा अपवाद.

‘तालिबानची भाषा ती हीच ना?’ असा प्रश्न उरतो. होय, तालिबानचा बराचसा भरणा पश्तो भाषकांचा आहे. पण ज्यांना त्यांनी मारले त्यांतलेही असंख्य लोक याच भाषेचे. रहमान बाबाची कबर २००९च्या मार्चमध्ये स्फोटाने उडवली गेली, ती पश्तोचा अभिमान म्हणून नव्हे. गोळी खाणारी मलाला युसुफझाई पश्तोच बोलते. आणि वीसच्या दशकात उतमानझईला शाळा काढून, १९२८मध्ये ‘पख्तून’ हे नियतकालिक सुरू करून, लाल डगलेवाल्या खुदाई खिदमतगारांची अहिंसक फौज उभारणाऱ्या अब्दुल गफारखानांनी, म्हणजेच बादशहाखानांनी, हे सारे पश्तोतून केले. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानीत निःशस्त्र लोक ब्रिटिश गोळ्यांपुढे उभे राहिले आणि गढवाली शिपायांनी त्यांच्यावर गोळी झाडायला नकार दिला. सरहद्द आणि पंजाबात प्रवेशबंदी झाल्यावर बादशहाखान राहिले ते वर्ध्याला, आणि मुंबईत केलेल्या भाषणासाठी डिसेंबर १९३४मध्ये त्यांना अटक झाली तीही वर्ध्यातच. महाराष्ट्राच्या मातीवरून तुरुंगात गेलेला हा माणूस पश्तोचा प्रतिनिधी मानायचा की काबूलचा बंदूकवाला, हे भाषा ठरवत नाही. पाकिस्तानच्या २०२३च्या जनगणनेत सुमारे १८ टक्के लोकांची, म्हणजे चार कोटींहून अधिकांची, मातृभाषा पश्तो आहे. अफगाणिस्तानात १९३६पासून तिला राजभाषेचा दर्जा आहे. एवढ्या मोठ्या समाजाचा एकच स्वभाव असेल, हे मराठीबद्दल कोणी म्हटले तर आपण मोर्चा काढू.

या साऱ्याचा अंबडला काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग अगदी व्यावहारिक आहे. २०२७च्या जनगणनेचा प्रगणक दारोदार येणार आहे, आणि मातृभाषेच्या रकान्यात घरचा माणूस जे सांगेल तेच लिहिणे त्याला बंधनकारक आहे. दारावर पठाण पाटी पाहून त्याने उर्दू किंवा पश्तो असे मनानेच लिहू नये, खानदेशातल्या पाटलाच्या घरी न विचारता मराठी लिहू नये. आणि सांगणाऱ्यांनीही शेजाऱ्याला काय वाटेल याचा विचार न करता, घरात जी बोलली जाते तीच भाषा लिहून घ्यावी.